जुळ्यांचा वाण

भात कापून झाले, दिवाळी सरली, की घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन उत्तर कोकणात उतरतात. आमच्या सरावलीभोवती तारापूरच्या कारखान्यांनी मोकळी शेते फारशी ठेवलेली नाहीत. पण आत वाड्याच्या बाजूला गेले तर कापल्या शेतात बसवलेले कळप दिसतात. मेंढरे रात्री शेतात बसावीत आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याने धान्य किंवा पैसे द्यावेत, हा जुना व्यवहार. या कळपांत एक गोष्ट मात्र सहसा आढळत नाही, ती म्हणजे जुळी कोकरे. शेळीला दोन-दोन करडे होतात, पण दख्खनी मेंढीला एका वेताला एकच कोकरू. धनगराची बहुतेक कमाई त्या एका कोकरावर!

खाण तशी माती, असे आपण म्हणतो. पण खाणीतले नेमके काय मातीत उतरते? हा प्रश्न नेटाने विचारणाऱ्यांत मेंढ्या पाळणारेच पुढे होते. मोराव्हियातल्या ब्रनो शहरी लोकरीचा मोठा व्यापार, आणि 1830 नंतरच्या दशकात तिथल्या मेंढीपालकांच्या सभांतून याच प्रश्नाचा काथ्याकूट चाले. त्या सभांना येणारा नाप नावाचा मठाधिपती पुढे ज्या तरुण साधूला आपल्या मठात घेता झाला, तो ग्रेगोर मेंडेल. त्याने मेंढ्या सोडून वाटाणे मोजले आणि 1866 साली निबंध छापला. जगाने तो वाचला 1900 साली!

वर्गात मी हे चिंचोक्यांवर समजावतो. प्रत्येक जिवाजवळ एकेका गुणाचे दोन चिंचोके. एक आईचा, एक बापाचा. पिलाला देताना दोहोंपैकी एकच द्यायचा. दुधात पाणी मिसळावे तसे ते एकमेकांत विरघळत नाहीत. चिंचोका अख्खाच पुढे जातो, नाहीतर जातच नाही. आम्ही कादंबऱ्या लिहिणारे ‘रक्ता’वर फार भिस्त ठेवतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता जुळ्यांचा चिंचोका. सुंदरबनच्या दलदलीत गारोल नावाची मेंढी असते. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, थोराड झाली तरी वजन बारा-चौदा किलोच्या आसपास, पण जुळी देण्यात पटाईत. 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या जहाजांतून बंगाली मेंढ्या नेल्या गेल्या आणि तिकडच्या कळपांत मिसळून गेल्या. दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधील ‘बुरूला’ नावाच्या मळ्यावर दोघा भावांनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या जपून ठेवल्या. 1958 पासून सरकारी शास्त्रज्ञांनी त्यातल्या काही अभ्यासाला घेतल्या. 1980 च्या सुमारास उमगले की ही सारी करामत एकाच जनुकाची आहे. 2001 साली ते जनुक हाती लागले, आणि 2002 साली सिद्ध झाले की गारोलमध्ये नेमके तेच आहे. तोवर नाव रूढ झाले होते ते ऑस्ट्रेलियातल्या मळ्याचे. बंगालच्या वाट्याला पावती आली ती अशी, दोनशे वर्षांनी.

आपल्याकडे हे काम फलटणला झाले. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली तिथे कृषी संशोधन संस्था काढली. तिच्यात 1990 नंतर त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी गारोलचा हा गुण दख्खनी मेंढीत आणायला घेतला. चंदाताई म्हणजे इरावती कर्व्यांची नात. आजीने माणसांच्या कुळांचा शोध घेतला, नातीने मेंढ्यांच्या!

गारोल नर आणि दख्खनी मेंढी यांची पिले निम्मी गारोल, म्हणजे अंगाने लहान. ती पुन्हा दख्खनीशी जुळवली की गारोलचा अंश चौथाई, मग आठवा हिस्सा. अंगलट दख्खनी होत जाते, पण जुळ्यांचा चिंचोका आठवा हिस्सा होत नाही. तो असतो किंवा नसतो. दर पिढीत निम्म्या पिलांत तो सापडतो, तीच निवडायची. अडचण एवढीच की नर काही वीत नाही! त्याच्याजवळ हा गुण आहे की नाही, हे कळायला पूर्वी त्याच्या मुली विईपर्यंत थांबावे लागे. 2001 नंतर रक्ताच्या थेंबावर भागू लागले. ज्या नराजवळ दोन्ही चिंचोके जुळ्यांचे, त्याच्या प्रत्येक मुलीला एक मिळणारच. असा नर धनगराच्या कळपात सोडला की त्याचे काम झाले. मांसासाठी कर्नाटकची बन्नूर आणि दुधासाठी इस्रायलची अवासी यांचाही अंश मिसळून जी मेंढी तयार झाली, तिचे नाव ‘नारी सुवर्णा’.

दुधाची काळजी कशाला, असे वाचक विचारतील. दख्खनी मेंढीचे दूध एका कोकराच्या बेताचे. दुसरे जन्मले तर त्याला वरचे दूध आणि आईला वाढीव चारा हवा. नाहीतर दोन्ही खुरटतात, एखादे दगावते. ज्याच्या बांधावर चारा आहे आणि कळप घराजवळ बसतो, त्याच्या हाती हा वाण खरोखर पैका देईल. घाट उतरून येणाऱ्याचे गणित निराळे. वाटेत जन्मलेले कोकरू लगेच कळपाबरोबर चालू शकत नाही. ते घोड्यावर, बिऱ्हाडाच्या सामानात घालून न्यावे लागते. तिथली जागा बेताचीच, आणि नर विकत घेण्याआधी धनगरीण मोजणार ती तीच.