स्वच्छ फ्लॉपीची कुळकथा

५ जानेवारीला संगणक सुरू केला की पडद्यावर एक विनंती उमटायची: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. दुसरं काहीही टाइप केलं तरी यंत्र जागचं हलायचं नाही. शुभेच्छा बरोबर लिहिल्या की ते मुकाट कामाला लागायचं. १९९० च्या जून महिन्यात भारतात सापडलेला हा ‘जोशी’ व्हायरस पुढे जगभरच्या व्हायरस-याद्यांत याच नावाने नोंदला गेला.

वाढदिवसाची गंमत लोकांच्या लक्षात राहिली. दुरुस्ती करणाऱ्यांच्या लक्षात राहिल्या त्या जोशीच्या दोन चलाख्या. पहिली म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी हा मेमरीतून जात नसे. कळा दाबल्या गेल्याचं त्याला आधी कळायचं आणि तो तिथेच टिकून राहायचा. दुसरी अधिक वाईट. डिस्कचा पहिला सेक्टर वाचायला गेलं की तो आपली जागा न दाखवता मूळचा स्वच्छ सेक्टर पुढे करायचा. आजारी संगणकालाच ‘तू आजारी आहेस का?’ असं विचारलं, तर तो ‘मी ठणठणीत आहे’ असं सांगायचा. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

म्हणून इलाजाची एक रीत ठरून गेली. संगणक मुख्य बटणावरून बंद करायचा आणि थोडा वेळ तसाच ठेवायचा. मग खिशातली आपली स्वच्छ, म्हणजे लागण नसलेली, फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घालायची आणि तिच्यावरून संगणक सुरू करायचा. त्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या उजव्या कडेला एक चौकोनी खाच असे. खाच उघडी असेल तर फ्लॉपीवर लिहिता येई आणि तिच्यावर बोटाच्या पेराएवढी चिकटपट्टी लावली की ड्राइव्ह लिहायला नकार देई. हा नकार यंत्राचा असल्यामुळे कोणत्याही प्रोग्रामला तो मोडता येत नसे. अँटिव्हायरसच्या इतिहासात मोठमोठ्या कंपन्यांची नावं येतात, पण ही चिकटपट्टी त्या सगळ्यांइतकीच महत्त्वाची आहे. संशयित यंत्राची साक्ष ग्राह्य धरायची नाही, तपास बाहेरून करायचा, हे तत्त्व तिच्यामुळे प्रत्यक्षात उतरलं.

या तत्त्वाचं मूळ शोधताना थोडं मागे जावं लागतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बीबीएन या संस्थेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तो अर्पानेट या तेव्हाच्या संगणक-जाळ्यावरच्या एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई आणि ‘पकडता आलं तर पकडा’ अशा अर्थाचा निरोप छापे. त्याला हुडकून पुसणारा ‘रीपर’ लिहिला रे टॉमलिन्सन यांनी, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात अॅटचं चिन्ह आणणाऱ्यांनीच. रीपरला अनेक जण पहिला अँटिव्हायरस म्हणतात. पण क्रीपरला लपायचं नव्हतं, त्यामुळे रीपरचं काम सोपं होतं.

‘व्हायरस’ हे नाव नंतर आलं. फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने नोव्हेंबर १९८३ मध्ये स्वतःची नक्कल करणारा प्रोग्राम लोकांसमोर चालवून दाखवला. त्याचे मार्गदर्शक लेनर्ड अॅडलमन यांनी त्याला हे नाव सुचवलं. आरएसए या सांकेतिक पद्धतीतला ‘ए’ म्हणजे हेच अॅडलमन. कोहेनने पुढे गणिताने हेही सिद्ध केलं की जगातला प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्राम लिहिणं अशक्य आहे. शंभर टक्के संरक्षणाची जाहिरात दिसली की ही सिद्धता आठवावी.

लपण्याची कला आणली ती लाहोरच्या ‘ब्रेन’ने. १९८६ मध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला. त्यात त्यांनी आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले, शिवाय लस हवी असेल तर संपर्क साधा, असंही लिहून ठेवलं. ब्रेन फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या पहिल्या सेक्टरमध्ये, बसे. मूळ सेक्टर तो दुसरीकडे हलवी आणि ती जागा ‘खराब’ असल्याची खूण करून ठेवी, म्हणजे तिकडे कोणी फिरकू नये. बूट सेक्टर वाचायची आज्ञा आली की ती मध्येच अडवून तो हलवलेला मूळ सेक्टर दाखवी. जोशीने नेमकं हेच केलं.

‘कॉम्प्युटर स्लो झालाय, व्हायरस असेल’ हे वाक्य आज कोणत्याही दुकानात ऐकू येतं. त्यालाही कूळ आहे. १९८७ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात एक व्हायरस सापडला. मेमरीत शिरल्यावर अर्ध्या तासाने तो घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला यंत्राला निरर्थक फेऱ्या मारायला लावी आणि संगणक रखडू लागे. त्याच्या लेखकाची एक चूकही त्याला महागात पडली. एकदा लागण झालेल्या ईएक्सई फायलीला तो पुन्हा पुन्हा लागण करी. दर वेळी फाइल सुमारे १,८०० बाइटांनी फुगे आणि शेवटी मेमरीत मावेनाशी होई. १३ तारखेला शुक्रवार आला की चालवलेले प्रोग्राम पुसून टाकायचे, हा त्याचा खरा बेत होता. तो दिवस १३ मे १९८८ ला येणार होता. संथपणामुळे आणि फुगलेल्या फायलींमुळे तो त्याआधीच पकडला गेला. म्हणजे संथपणा हे लक्षण ठरलं ते व्हायरस लिहिणाऱ्याने तो मुद्दाम घातल्यामुळे. नीट लिहिलेला व्हायरस संगणक संथ करतोच असं नाही.

डॉक्टरांची पहिली पिढीही १९८७ च्या आसपासचीच. जर्मनीत बर्न्ड फिक्स यांनी ‘व्हिएन्ना’ व्हायरस काढून टाकणारा प्रोग्राम लिहिला. अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांचं काम सुरू झालं. चेकोस्लोव्हाकियात मिरोस्लाव्ह त्रन्का आणि पीटर पाश्को यांनी ‘नॉड’ तयार केलं. तिथल्या टीव्हीवर ‘शहराच्या कडेचं इस्पितळ’ या अर्थाच्या नावाची एक मालिका गाजली होती. त्यावरून ‘डिस्कच्या कडेचं इस्पितळ’, आणि त्याच्या मूळ भाषेतल्या आद्याक्षरांचं नॉड! पद्धत सगळ्यांची एकच होती. व्हायरसच्या अंगावरचा बाइटांचा एक तुकडा, जो दुसरीकडे सापडणार नाही, तो खूण म्हणून घ्यायचा आणि प्रत्येक फाइलमध्ये ती खूण शोधायची. व्यवसायात या खुणेला ‘सिग्नेचर’ म्हणतात. आजही अँटिव्हायरस रोज अपडेट मागतो, त्यात नव्या खुणांची भर असते.

पण खूण शोधण्यासाठी फाइल उघडावी लागते, आणि तिथेच बल्गेरियाच्या सोफिया शहरातल्या ‘डार्क अॅव्हेंजर’ने डाव साधला. त्याचा १९८९ चा व्हायरस फाइल चालवण्याची वाट पाहत नसे. ती नुसती वाचायला उघडली तरी लागण होई. तो मेमरीत असताना कोणी अँटिव्हायरस चालवला, तर तपासलेल्या प्रत्येक प्रोग्रामला अँटिव्हायरसच्याच हातून लागण होत जाई. संपूर्ण डिस्क स्कॅन म्हणजे संपूर्ण डिस्कला लागण. कुंपणाने शेत खाल्ल्याचं याहून नेमकं उदाहरण संगणकाच्या इतिहासात मिळणं कठीण. यानंतर स्वच्छ फ्लॉपीचा नियम नुसता सवयीचा राहिला नाही, तो सक्तीचा झाला.

महाराष्ट्रात ही विद्या रुजली ती दुरुस्तीच्या दुकानांतून. नव्वदच्या दशकात डीटीपी करणारे, छापखानेवाले, हिशेबनीस यांचं काम फ्लॉपीतून हातोहात फिरत असे. शर्टाच्या खिशातली फ्लॉपी दिवसभरात चार संगणक पाहून येई. संध्याकाळी ती ड्राइव्हमध्येच विसरली आणि सकाळी संगणक सुरू केला, की आधी तिचा बूट सेक्टर वाचला जाई. पडद्यावर ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा इशारा येई. माणूस फ्लॉपी काढून एक कळ दाबी आणि कामाला लागे. तोवर व्हायरस हार्ड डिस्कवर पोचलेला असे.

असाच पसरला ‘मायकेलअँजेलो’. चित्रकाराचा त्याच्याशी संबंध नव्हता. ६ मार्चला हा डिस्कवर कचरा लिहितो आणि ती त्या कलावंताची जन्मतारीख, हे एका संशोधकाच्या ध्यानात आलं, एवढंच. १९९२ मध्ये लाखो संगणक बंद पडतील असे अंदाज छापून आले, प्रत्यक्षात फटका काही हजारांना बसला. त्याचा इलाज मात्र पाहण्यासारखा होता. हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. मायकेलअँजेलो तो उचलून सातव्या सेक्टरमध्ये ठेवी आणि स्वतः पहिल्यात बसे. म्हणून स्वच्छ फ्लॉपीवरून सुरुवात करून सातव्यातला मजकूर पहिल्यात परत लिहिला की संगणक बरा. पण आधीच ‘स्टोन्ड’ व्हायरस असेल तर पंचाईत होती, कारण तोही मूळ सेक्टर सातव्यातच ठेवी. दुसरा व्हायरस आला की सातव्यात पहिला व्हायरस जाऊन बसे, मूळ मजकूर कायमचा नाहीसा होई आणि यंत्र सुरूच होत नसे. आंधळेपणाने औषध देणाऱ्याच्या हातून असे संगणक दगावत. म्हणूनच चांगला साफ करणारा प्रोग्राम ‘हे नक्की काय आहे?’ हे आधी तपासतो.

पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर यांच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत असे व्हायरस सापडत होते. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी मायकेलअँजेलोसारख्या व्हायरसांवर छोटे प्रोग्राम लिहिले. त्यातून १९९५ मध्ये डॉससाठी ‘क्विक हील’ उभं राहिलं. २०१६ मध्ये या कंपनीचे शेअर बाजारात आले. समोरच्या टेबलावर आजारी यंत्र आलं तेव्हा हे औषध घडलं, आणि मराठी माणसांच्या या कामाचा अभिमान वाटावा तो याच कारणाने.

विंडोज आलं, फ्लॉपी गेली. चिकटपट्टीची जागा आधी ‘सेफ मोड’ने घेतली. त्यात अगदी गरजेपुरतीच चाकं फिरतात, इतर प्रोग्राम आपोआप सुरू होत नाहीत, त्यामुळे बरेच व्हायरस झोपलेले सापडतात. पण सेफ मोडमध्येही तपास त्याच यंत्राच्या आतून होतो. २००५ मध्ये मार्क रसिनोविच या विंडोजच्या जाणकाराला आपल्याच संगणकात लपलेल्या फायली सापडल्या. सोनी बीएमजीच्या संगीताच्या सीडीतून आलेला प्रोग्राम विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फायली विंडोजपासून लपवत होता. रसिनोविच यांच्या साधनाने एकच गोष्ट केली. विंडोज दाखवते ती फायलींची यादी आणि डिस्कवर प्रत्यक्ष असलेली यादी यांची तुलना केली. दोन्हींत जे जुळलं नाही, ते लपवलेलं. लाहोरच्या ब्रेनची चाल १९ वर्षांनी सीडीवरून आली होती आणि तत्त्वही पुन्हा तेच होतं: संशयित यंत्राच्या साक्षीवर विसंबायचं नाही.

आज त्या फ्लॉपीचा वारस विंडोज १० आणि ११ मध्ये आयता बसलेला आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून व्हायरस संरक्षणात ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये गेलं की ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ असा पर्याय दिसतो. तो निवडला की संगणक रीस्टार्ट होतो, नेहमीची विंडोज सुरू न होता वेगळ्या छोट्या वातावरणातून डिस्क तपासली जाते. साधारण १५ मिनिटांचं काम.

संथ संगणकावर एकावर एक असे तीन-तीन अँटिव्हायरस चढवण्याची सवय मात्र सोडायला हवी. प्रत्येक फाइल उघडताना हे सगळे पहारेकरी एकाच दारात झगडतात आणि यंत्र आणखी रखडतं. आधी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क कोण खातंय ते पाहावं. कित्येकदा दोष भरलेल्या किंवा झिजलेल्या हार्ड डिस्कचा असतो. स्कॅनमध्ये काही सापडलं तर ते थेट पुसण्याऐवजी ‘क्वारंटाइन’ करावं, म्हणजे वेगळं कोंडून ठेवावं, कारण खुणा चुकतात. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल व्हायरस समजून हलवली आणि अनेक कचेऱ्यांतले संगणक सतत रीस्टार्ट होत राहिले.

संशय असेल तर फोटो, कागदपत्रं आणि हिशेब यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा, ती डिस्क काढून बाजूला ठेवा आणि मग ऑफलाइन स्कॅन करा. बटण दाबण्याआधी उघड्या फायली सेव्ह करायला विसरू नका, कारण संगणक लगेच रीस्टार्ट होतो.