चार स्पोक आणि एक रबरी पिशवी

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी आणि माझे दोन मित्र व्हेंटिलेटर बनवायला निघालो होतो. म्हणजे अंबू बॅग दाबणारा एक यांत्रिक हात: वायपरची मोटर, प्लायच्या फळ्या, आर्डुइनो. एमआयटीच्या मंडळींनी तसलं डिझाइन खुलं केलं होतं, त्यामुळे अंगात वारं संचारलेलं. मोटर तापली, तिसऱ्या दिवशी फळी तुटली. सगळ्यात धड राहिली ती बॅग. ती अजून माझ्या कपाटात आहे.

ही वस्तू इतकी साधी कशी, हे शोधत गेलो आणि कोपनहेगनला पोचलो. १९५२चा उन्हाळा, पोलिओची साथ. ब्लेगडॅम हॉस्पिटलात आयर्न लंग एकच, आणि छातीवर बसवायची छोटी यंत्रं सहा. श्वास बंद पडत चाललेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरली. यंत्रं नव्हती, माणसं होती! सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

पण एक अडचण होती. ती पिशवी सिलिंडरमधल्या वायूने फुगायची. सिलिंडर संपला की पिशवी चपटी. हॉस्पिटलात ठीक, रस्त्यावर काय करणार?

हेनिंग रुबेन हाही भूलतज्ज्ञच. रुग्णाने सोडलेला श्वास पिशवीत परत येऊ नये म्हणून त्याने आधी एक झडप केली होती. मग डेन्मार्कात ट्रकचालकांचा संप झाला आणि ऑक्सिजन पोचेना. रुबेनने पिशवीच्या आत सायकलचे चार स्पोक टोकांना जोडून बसवले. दाबली की चेपते, सोडली की आपोआप फुगते, आजूबाजूची हवा ओढून घेते. वीज नको, सिलिंडर नको. असला तर जोडा. होल्गर हेसे या इंजिनिअरच्या कंपनीने स्पोकच्या जागी फोम वापरून ती १९५६मध्ये बाजारात आणली. स्वस्ताई डिस्काउंटमधून आली नाही, लागणाऱ्या वस्तूच कमी केल्या म्हणून आली. (आमच्या टीममध्ये फीचर काढून टाकायचं म्हटलं की मीटिंग लागते.)

एक गोष्ट मात्र रुबेनलाही वजा करता आली नाही: हात. गेल्या वर्षी आजोबांना १०८च्या गाडीतून नेताना ते कळलं. मास्क तोंडावर घट्ट बसला नाही तर हवा बाजूने निसटते, आणि एकट्याला तो धरून बॅगही दाबणं जड जातं. डॉक्टर मॅडमनी दोन्ही हातांनी मास्क धरला आणि मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही दाबा. छाती वर येईल एवढंच. घाई करू नका, सहापर्यंत मोजा."

घाट उतरेपर्यंत मी मोजत होतो.