चौरंगी सामन्यांतील एका विजयाची लोकस्मृती

खेळाचा सामना दोन-तीन दिवसांत संपतो. धावफलक पुसला जातो, मांडव उतरविला जातो आणि मैदानावर पुन्हा गवत उगवते. त्यानंतर जे उरते ते प्रेक्षकांच्या मनातले. सामन्याचा वृत्तान्त आणि सामन्याची आठवण ही दोन वेगळी साधने आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती वेगळी ठेवूनच वापरली पाहिजेत. पहिले साधन काय घडले ते सांगते. दुसरे, जे घडले त्यातले समाजाला काय हवे होते आणि काय नको होते, ते सांगते. प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसरे साधन होय.

ह्या विषयाचे सर्वपरिचित उदाहरण बंगालमधले आहे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाचा दोन विरुद्ध एक असा पराभव केला. संघनायक शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष ह्यांनी ते दोन गोल केले. एक खेळाडू वगळता सर्व बंगाली खेळाडू अनवाणी खेळले. शतकाहून अधिक काळ लोटला, त्या दिवशीचा एकही प्रेक्षक आज हयात नाही. तरी २९ जुलै हा ‘मोहन बागान दिन’ म्हणून पाळला जातो आणि अनवाणी पायांची ती गोष्ट घरोघर सांगितली जाते. आजोबांची आठवण नातवाची होते, आणि पाहणाऱ्यांचा अनुभव ऐकणाऱ्यांच्या अभिमानात रूपांतरित होतो.

महाराष्ट्रात असा विजय झाला नाही काय? झाला, आणि मोहन बागानच्या विजयापूर्वी पाच वर्षे झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाचा क्रिकेटच्या सामन्यात १०९ धावांनी पराभव केला. पुढे १९२३ साली त्याच हिंदू संघाने विठ्ठल पालवणकर ह्यांच्या नेतृत्वाखाली चौरंगी सामने जिंकले. तथापि ह्या विजयांचा दिन कोणी पाळीत नाही. बंगालची आठवण टिकली आणि आपली का विरली, हा प्रश्न केवळ क्रीडाप्रेमींचा नव्हे. त्याचे उत्तर शोधताना जात, जमात आणि राष्ट्र ह्या तिन्ही गोष्टींशी आपली गाठ पडते.

प्रथम मूळ घटना ध्यानात घेऊ. मुंबईतील सामन्यांची परंपरा पारशी विरुद्ध युरोपियन अशी सुरू झाली. १९०६ साली हिंदू संघ प्रथमच युरोपियनांसमोर उभा राहिला. १९०७ पासून सामने तिरंगी झाले, १९१२ पासून मुसलमान संघ आल्यावर चौरंगी झाले आणि १९३७ पासून पंचरंगी. १९०६ च्या विजयाला काळाची पार्श्वभूमी होती. जपानने रशियाचा केलेला पराभव ताजा होता, वंगभंगाची चळवळ पेटली होती. अशा वेळी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविणे ह्याचा अर्थ प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नाही.

परंतु ह्या विजयाचा प्रमुख शिल्पकार कोण होता? डावखुरे मंदगती गोलंदाज बाळू पालवणकर. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन बंधू हिंदू संघात आले. हे घराणे चर्मकार जातीचे. पालवण ह्या कोकणातील गावावरून त्यांचे आडनाव आले. बाळूंचा जन्म मात्र १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब गावापासून दूर, छावण्यांच्या आसऱ्याने वाढले. कोकणातील अस्पृश्य मानलेल्या जातींतील अनेक कुटुंबांचा हाच मार्ग होता. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या सुभेदार रामजी सकपाळ ह्यांच्या, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या वडिलांच्या, चरित्रातही तीच वाट दिसते. गावात जी दारे बंद होती त्यांतील काही छावणीत किलकिली झाली.

बाळू पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामावर होते. कॅप्टन ग्रेग ह्या नामांकित फलंदाजाला ते तासन् तास गोलंदाजी करीत आणि त्यातून त्यांची कला घडली. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. परंतु त्यांचा स्पर्श नको होता. त्यांच्या चाहत्यांत चालत आलेल्या हकीकतींत एक तपशील पुनःपुन्हा येतो. चहाच्या सुट्टीत इतर खेळाडू आत बसत, आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला तो चेंडू सर्वांना चाले. ज्या पेल्याला लागला तो मात्र चालत नसे. अस्पृश्यतेच्या आचारातील विसंगती इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले. हिंदू जिमखान्याने विरोध बाजूस सारून त्यांना प्रवेश दिला. १९०६ च्या विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ ह्या पत्राने ह्या प्रवेशाला जातिबंधनांतून मुक्त होण्याच्या वाटेवरील टप्पा मानले. म्हणजे त्या विजयाचे वाचन आरंभापासूनच दुहेरी होते. युरोपियनांवरचा विजय हे एक, आणि जातिभेदावरचा विजय हे दुसरे. बहुसंख्य प्रेक्षकांनी पहिले सहज स्वीकारले. दुसरे मात्र त्यांनी जिंकण्याच्या क्षणापुरते स्वीकारले, असे पुढील घटनांवरून म्हणावे लागते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सामान्य ठरली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. कलकत्त्यात मोहन बागानचे खेळाडू इतिहास घडवीत होते त्याच उन्हाळ्यात हा कोकणी वंशाचा गोलंदाज इंग्लंडच्या मैदानांवर नाव मिळवीत होता. परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या मानपत्राच्या लेखनात तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता, अशी नोंद रामचंद्र गुहा ह्यांनी केली आहे.

इतके असूनही हिंदू संघाचे नायकत्व बाळूंना मिळाले नाही. ज्यांना ते मिळाले त्या एम. डी. पै ह्यांनीच हा मान बाळूंचा असल्याचे मोकळेपणाने मान्य केले होते. १९२० साली तर बाळूंना संघातून वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम ह्यांनी खेळण्यास नकार देऊन जाहीर निषेध केला. अखेर तडजोड होऊन बाळू उपनायक म्हणून परत आले. अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न राष्ट्रीय व्यासपीठावर आलेला होता. वृत्तपत्रांतून प्रेक्षक विचारू लागले की, जो संघ स्वतःला हिंदूंचा म्हणवितो तो आपल्या श्रेष्ठ खेळाडूला नायक करीत नाही, तो कोणत्या हिंदूंचा?

ह्या प्रश्नाचे उत्तर १९२३ मध्ये मिळाले. बाळू तेव्हा निवृत्त झाले होते. विठ्ठल संघनायक झाले आणि हिंदू संघाने युरोपियनांवर मात करून चौरंगी सामने जिंकले. सामना संपताच प्रेक्षक मैदानात धावले आणि त्यांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्या जातीच्या माणसाला सवर्ण तरुण खांद्यावरून मिरवीत होते. ह्या दृश्याचे महत्त्व तेव्हाच्या पत्रलेखकांनाही जाणवले.

आता आपण मुख्य प्रश्नाकडे वळू. त्या गर्दीने कोणती आठवण घरी नेली? ह्या बाबतीत तीन थर वेगळे केले पाहिजेत. पहिला थर तत्कालीन वृत्तपत्रांचा. त्यात उत्साह आहे, थोडा आत्मगौरवही आहे. जणू एका मिरवणुकीने शतकांचे ऋण फिटले. दुसरा थर स्वतः विठ्ठलांचा. त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. मराठी खेळाडूने आपल्या भाषेत ठेवलेली ही साक्ष फार मोलाची आहे; कारण गर्दीला दिसलेला नायक आणि नायकाला दिसलेली गर्दी ह्यांची तुलना तीमुळेच शक्य होते. तिसरा थर इतिहासकारांचा. गुहा ह्यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथाने पालवणकर बंधू विस्मृतीतून बाहेर आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरांमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळ आहे. ह्या मधल्या शांततेची कारणमीमांसा केली पाहिजे.

पहिले कारण संघाच्या स्वरूपात आहे. मोहन बागान हा क्लब होता आणि आजही आहे. त्याला वारसदार आहेत. हिंदू संघ हा जमातीचा संघ होता, आणि जमातवार सामन्यांना गांधीजींनी १९४० मध्ये विरोध दर्शविला. १९४६ मध्ये ते सामने बंद झाले आणि पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. त्यानंतर ‘हिंदूंनी जिंकले’ ही आठवण अभिमानाने सांगणे अवघड झाले. संघ गेला, स्पर्धा गेली, आणि त्यांबरोबर आठवण सांगण्याचे निमित्तही गेले.

दुसरे कारण राजकीय आहे. बाळूंनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या तरुणाने एके काळी त्यांचा गौरव केला त्याच्याशीच सामना झाला. परिणाम असा की, दलित चळवळीच्या स्मृतीत बाळूंना ठळक स्थान राहिले नाही, आणि सवर्ण क्रीडाप्रेमींच्या स्मृतीत तर ते आधीच पुसट होत होते. १९५५ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांची आठवण हक्काने सांगणारा मोठा समुदाय उरला नव्हता. निवडणुकीतील विरोधाला विश्वासघात म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दोन प्रामाणिक माणसांचे मार्ग भिन्न होते, इतकेच म्हणता येते.

तिसरे कारण अधिक खोल आहे. ही आठवण पूर्ण सांगायची तर मिरवणुकीबरोबर मातीचे भांडेही सांगावे लागते. मोहन बागानच्या कथेत लाज बाहेरची आहे, ती राज्यकर्त्यांची आहे. पालवणकरांच्या कथेत लाज घरातली आहे. समाज बाहेरच्या शत्रूवरचा विजय पिढ्यान् पिढ्या सांगतो. स्वतःवरचा अपुरा विजय मात्र तो लवकर विसरतो.

ह्या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. लिखित साधनांत आठवण नाही म्हणून ती लोकांत नव्हतीच, असे कसे म्हणावे? आक्षेप योग्य आहे. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यातले होते. हा जिल्हा तेव्हा आजच्या सिंधुदुर्गासह होता. मैदानाभोवती फुकट उभ्या राहणाऱ्या गर्दीत हा वर्ग नसेल असे मानणे कठीण आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि शिमग्याला हा चाकरमानी गावी येई आणि मुंबईच्या गोष्टी पडवीत बसून सांगे. त्या गोष्टी कोणी लिहून ठेवल्या नाहीत. सांगणारे गेले, ऐकणारेही आता थोडेच असतील. परंतु ज्यांनी आपल्या आजोबांकडून पालवणकरांचे नाव ऐकले असेल अशी वृद्ध माणसे रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यांवर अद्याप भेटू शकतात.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी येथे काम आहे. अशा व्यक्तींना ‘काय झाले?’ असे विचारू नये. ते वृत्तपत्रांत मिळते. ‘तुम्हांस हे कोणी सांगितले, कोणत्या प्रसंगी सांगितले, आणि सांगताना काय वगळले?’ असे विचारावे. एकाच वाडीतील दोन आळ्यांत ही कथा दोन प्रकारे सांगितली जात असेल, तर तो फरक चुकीचा म्हणून टाकून न देता मुख्य पुरावा म्हणून नोंदवावा. एका आळीत ‘आपण गोऱ्यांना हरविले’ एवढेच उरले असेल. दुसरीत कदाचित ‘आमच्या माणसाने त्यांना जिंकून दिले’ असे असेल. ह्या दोन वाक्यांमधील ‘आपण’ आणि ‘आमच्या’ ह्यांत जे अंतर आहे, तेच १९२३ च्या त्या संध्याकाळी खांद्यावरून उतरलेल्या विठ्ठलांना चालून जायचे होते. ते अंतर आज किती उरले आहे हे मोजण्याचे साधन ह्या आठवणींत आहे, आणि ते साधन आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे.