महाविद्यालयीन शुल्क, वसई-विरार

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर महानगरपालिका क्षेत्रातल्या कुटुंबांना मुंबई विद्यापीठाच्या पदवीसाठी करावा लागणारा खर्च. सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वस्त शिक्षण, हा समज इथे निम्माच खरा ठरतो. पदवीचे वर्ग भरतात ते विद्यापीठाशी संलग्न असलेल्या खासगी संस्थांच्या महाविद्यालयांत, आणि फी ठरते ती तुकडीला शासनाचे वेतन-अनुदान आहे की नाही यावरून. अनुदानित बी.ए., बी.कॉम.चे वर्ष काही हजारांत निघते. त्याच इमारतीत, त्याच विद्यापीठाच्या बी.एस्सी. आय.टी.ला ‘सेल्फ फायनान्स’ म्हणून कित्येक पट पैसे पडतात. प्रवेशाच्या दिवसांत दोन्ही याद्या शेजारी-शेजारी लागतात. पालक आधी कट-ऑफ बघतात, मग फीचा आकडा, आणि मग पुन्हा कट-ऑफ.

या तफावतीचे मूळ संस्थाचालकांच्या हावेत शोधण्याची पद्धत आहे. ते अगदीच चूक नसले, तरी शासनाच्या तारखा जास्त बोलक्या आहेत. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. वसईतले विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९९४) त्याच वाटेवरचे. २००१ पासून नव्या महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली ती ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर. वसईतली वर्तक किंवा संत गोन्सालो गार्सिया ही महाविद्यालये त्याआधीची. शहर मात्र नंतरही वाढतच राहिले. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर गेली. मुंबईत जागा परवडेना म्हणून नालासोपारा-विरारला आलेल्या कुटुंबांची मुले बारावी होईपर्यंत अनुदानाचा नळ बंद झाला होता. स्वस्त घर जिथे मिळाले, तिथेच महाग तुकडी वाट्याला आली.

यावर पहिला आक्षेप असा, की अनुदानित तुकड्या असूनही पालकच नव्या अभ्यासक्रमांमागे धावतात. धावतात खरे, पण नोकरीशी जोडलेले हे विषय विनाअनुदानितच सुरू झाले, तेव्हा ही निवड म्हणायची कशी? दुसरा आक्षेप शिष्यवृत्त्यांचा, आणि तो वजनदार आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबाला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची निम्मी प्रतिपूर्ती राजर्षी शाहू योजनेतून मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. परंतु प्रतिपूर्ती शिक्षण शुल्काची असते. विकास शुल्क, पुस्तके आणि रेल्वेचा पास घरच्यांनीच पाहायचा. शिवाय कागद लागतात. अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठांत स्थानिक रहिवाशाला फीच कमी असते. इथे सर्वसाधारण महाविद्यालयात फी रहिवासानुसार बदलत नाही, बदलतो तो सवलतीचा हक्क. अधिवासाच्या दाखल्याला सामान्यतः १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. दर दोन-तीन वर्षांनी भाड्याची खोली बदलणाऱ्या कुटुंबाकडे जुना लीव्ह-लायसन्स करार किंवा रेशनकार्डावरचा चालू पत्ता नसला, की तहसील कार्यालयाच्या खिडकीवर सवलत अडते.

तिसरा आक्षेप तिजोरीचा : सगळ्या तुकड्यांना अनुदान कुठून द्यायचे? सगळ्यांना द्या, असे म्हणण्याची गरजच नाही. जे अनुदान आज जाते, ते कुटुंबाची ऐपत पाहून जात नाही; तुकडी कोणत्या साली मंजूर झाली आणि मुलाला बारावीला किती टक्के पडले, यावर जाते. चांगला क्लास परवडलेला मुलगा अनुदानित जागेवर बसतो; क्लास न परवडलेला तीन वर्षे पूर्ण फी भरतो. १९५९ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलतीत कसोटी थेट उत्पन्नाची होती. ती साधी कसोटी पदवीच्या तुकड्यांना लावायला कायद्याची आडकाठी दिसत नाही.

उरतो मार्ग लोकलचा. पार्ले-अंधेरीच्या जुन्या अनुदानित महाविद्यालयांत नाव लागले, तर फी वाचते आणि पासावर विद्यार्थी-सवलत मिळते. मात्र तिथला कट-ऑफ इथल्याहून चढा असतो, आणि सकाळच्या वर्गासाठी विरारहून गाडी पहाटे पकडावी लागते.