सिंथ-पॉप: ऐंशीच्या दशकाचा आवाज पुन्हा का ऐकू येतो?

मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या 'शकुंतला' रेल्वेला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. त्यानंतर जन्मलेल्यांनी ते या मार्गावर धावताना पाहिले नाही, तरी त्याची ओढ त्यांनाही वाटू शकते. आजच्या इंडी सिंथ-पॉपमध्ये अशीच ओढ आहे. ही गाणी १९८० च्या दशकाची आठवण जागवतात, पण ती करणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अनेकांनी ते दशक पाहिलेलेच नाही.

सिंथ-पॉप म्हणजे काय?

सिंथेसायझर हे वाद्य विजेच्या कंपनांपासून स्वर तयार करते. फिल्टर आणि खुंट्यांनी त्या स्वराचा पोत बदलता येतो. वऱ्हाडात ऑर्केस्ट्रातल्या कोणत्याही कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणतात. खरे तर ते एका जपानी कंपनीचे नाव आहे. गिटारऐवजी सिंथेसायझर आणि ताल देणारे ड्रम मशीन यांवर उभ्या असलेल्या गाण्याला सिंथ-पॉप म्हणतात. जर्मनीच्या 'क्राफ्टवर्क'ने १९७४ च्या 'ऑटोबान'ने वाट दाखवली, आणि पुढे ब्रिटनमध्ये गॅरी न्यूमन, 'डेपेश मोड' यांनी ती लोकप्रिय केली. 'इंडी' म्हणजे मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय, स्वतंत्रपणे काढलेले संगीत.

तो 'जुना' आवाज येतो कुठून?

त्या काळच्या ॲनालॉग यंत्रांचे स्वर किंचित हलत. त्यामुळे त्यांना ऊब आणि दाटपणा येई. कॉर्डमधले स्वर सुटे सुटे, ठरावीक गतीने फिरत. ड्रमचा ठोका घुमायचा आणि अचानक तुटायचा. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर १९८१ मध्ये आणि यामाहाचा डीएक्स-७ १९८३ मध्ये आला. आज याच यंत्रांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतात. पूर्वी स्टुडिओ आणि महागडी यंत्रे लागत. आता सिलीगुडीसारख्या शहरातून 'ड्रीमअवर' हा सिंथ-पॉप प्रकल्प उभा राहतो. लॉस एंजेलिसच्या 'द मिडनाइट'ची २०१६ ची 'एंडलेस समर' किंवा वीकेंडचे २०१९ चे 'ब्लाइंडिंग लाइट्स' ऐकले की हा पोत लगेच ओळखू येतो.

मुंबईची विसरलेली तबकडी

भारतात या आवाजाचा ठसा जुनाच आहे. १९८१ मध्ये नाझिया हसनच्या 'डिस्को दीवाने'ने, बिड्डू यांच्या संगीताने, तरुणांना वेड लावले. पुढच्याच वर्षी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एलपी काढली. तिच्यात भूपाली, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या तालावर आहेत. गायन नसल्याने ती काटेकोर अर्थाने सिंथ-पॉप नाही, पण यंत्रे तीच: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३.

टीबी-३०३ हे छोटे यंत्र बास गिटारची जागा घेण्यासाठी बनवले होते. त्याचा आवाज गिटारसारखा वाटेना, म्हणून १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानाला ती मींडेच्या जवळची वाटते. पुढे हीच यंत्रे शिकागोत जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि 'फ्यूचर' या गटाच्या १९८७ च्या 'ॲसिड ट्रॅक्स'मधून 'ॲसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा प्रकार पुढे आला. सिंग यांची तबकडी त्याच्या पाच वर्षे आधीची. म्हणून शिकागोने मुंबईकडून उचलले असे ठरत नाही. एकाच यंत्राने दोन ठिकाणच्या कलाकारांना मिळत्याजुळत्या आवाजाकडे नेले.

तबकडी त्या काळी फारशी चालली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. उतारवयात सिंग यांनी युरोपात ती मंचावर वाजवली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आठवण कशाची उरते?

सिंग यांना हे श्रेय मिळाले, कारण तबकडीची एक प्रत कुणाच्या तरी हाती लागली. ज्यांचे काम तबकडीवर आलेच नाही, त्यांना ही संधी नाही. गावोगावच्या ऑर्केस्ट्रा आणि बँडवाल्यांचा ऐंशीचा आवाज राहिला असेल, तर तो घरगुती कॅसेटवर. कॅसेटच्या फितीवर चुंबकीय थर असतो. दमट हवेत तिला बुरशी धरते, उन्हाने ती वाकते, आणि ती वाजवणारे टेपरेकॉर्डरही आता दुर्मीळ होत आहेत. अशी कॅसेट चालत्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून, त्याच्या हेडफोनच्या छिद्रातून संगणकापर्यंत वायर जोडून आवाज साठवता येतो. फाइलच्या नावात वाजवणाऱ्यांची नावे, गाव आणि वर्ष लिहिले, की ती नोंद होते.

आजचे सिंथ-पॉप दूरच्या शहरांच्या ऐंशीच्या दशकाची आठवण जिवंत ठेवते. मूर्तिजापूरचे ऐंशीचे दशक ऐकायचे असेल, तर ते आधी माळ्यावरच्या खोक्यातून खाली काढावे लागेल.