शोक आणि विषाद : एका सीमारेषेचा इतिहास

शोक हा मनाचा स्वाभाविक धर्म आणि विषाद ही व्याधी, हा भेद उच्चारण्यास सोपा आहे; परंतु या दोहोंमधील सीमारेषा निश्चित करण्याचा वैद्यकाचा प्रयत्न दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ चालला असून ती रेषा अनेकदा सरकलेली आहे.

ग्रीक वैद्यकातील ‘मेलान्कोलिया’ ही संज्ञा कृष्णवर्ण आणि पित्त या अर्थांच्या दोन शब्दांपासून सिद्ध झाली. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात भय व खिन्नता दीर्घकाळ टिकणे हे या व्याधीचे लक्षण मानले आहे. म्हणजे कसोटी काळाची होती. कृष्णपित्ताची उपपत्ती पुढे त्याज्य ठरली. काळाची कसोटी मात्र टिकली. १६२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रॉबर्ट बर्टन यानेही, कोणाही मर्त्य मानवाला न चुकणारी प्रासंगिक खिन्नता आणि अंगी मुरलेली व्याधी यांत भेद केला.

१९१७ साली फ्रॉइडने निराळी कसोटी मांडली. शोकमग्न माणसाला जग रिते वाटते. विषादग्रस्ताला स्वतःचे अंतरंगच रिते व हीन वाटते. आत्मनिंदा हे विषादाचे व्यवच्छेदक लक्षण होय, असे त्याचे प्रतिपादन होते.

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत लक्षणांची यादीच दिली. खिन्नता किंवा सर्व गोष्टींतील रस नाहीसा होणे, आणि त्याबरोबर निद्रा व भूक बिघडणे, थकवा, अपराधभाव, मरणाचे विचार यांसारखी लक्षणे किमान दोन आठवडे राहिली, तर ती व्याधी समजावी. आप्ताच्या मृत्यूनंतरचा स्वाभाविक शोक मात्र तीतून वगळला होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने हा अपवाद काढून टाकला. शोकातूनही खरा विषाद उद्भवू शकतो, हे त्याचे समर्थन. स्वाभाविक दुःखालाच रोग ठरविले जाईल, हा त्यावरील आक्षेप. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

मराठीत या प्रश्नाला भाषेची एक बाजू आहे. ‘विषाद’ शब्दातील ‘सद्’ धातूत खचण्याचा अर्थ आहे, तर ‘डिप्रेशन’च्या मुळाशी खाली दाबणे हा अर्थ आहे, दोहोंतील कल्पना जवळची आहे. परंतु आज रूढ झालेला ‘नैराश्य’ हा शब्द केवळ आशाभंग सांगतो. परीक्षेतील अपयशालाही तोच, व्याधीलाही तोच. परिणामी ‘मन रमव, विसरून जाशील’ हा उपदेश, जो शोकाला कदाचित पुरतो, तोच रुग्णालाही केला जातो. आणि ज्याची मन रमविण्याची शक्तीच व्याधीने हिरावली आहे, त्याच्या अपराधभावात त्याने भरच पडते.

शोकाला रोग मानण्याने माणसाचा दुःख करण्याचा अधिकार जातो. रोगाला शोक मानण्याने उपचाराची वेळ, आणि क्वचित प्राणही, जातो. म्हणून ही सीमारेषा केवळ वैद्यांच्या वादाचा विषय नव्हे. ती प्रथम आखली जाते घरातील माणसांच्या बोलण्यात.