चाल कुणाची?

आपल्या रेडिओसाठी आम्ही मागे जात्यावरच्या ओव्या जमवत होतो, ते तुम्हाला आठवत असेल. एका वस्तीवर एका आजींनी फार गोड चालीत ओवी म्हटली. आम्ही विचारलं, "आजी, ही चाल कुणाची?" आजी म्हणाल्या, "माझ्या सासूची." सासूबाईंचं नाव काय, असं विचारलं तर आजी थांबल्या. "आम्ही त्यांना आत्याबाईच म्हणायचो गं. नाव कुणी घेतलंच नाही."

चाल राहिली, पण नाव गेलं. त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्या मनात घोळत होती. म्हणून आज तुम्हाला अशा एका बाईची गोष्ट सांगतो, जिची चाल तुम्ही बहुतेक ऐकलेली आहे, पण नाव बहुतेक ऐकलेलं नाही.

सिनेमाच्या गाण्यात तीन माणसांचं काम असतं. एक शब्द लिहितो, एक गातो आणि एक चाल लावतो. चाल लावणाऱ्याला संगीतकार म्हणतात. कोणतं वाद्य कुठे वाजेल, गाणाऱ्याने कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे सगळं संगीतकार ठरवतो. आपल्या देशात या कामावर बायका फारच थोड्या दिसतात. सिनेमा बोलायला लागला १९३१ साली, 'आलम आरा' चित्रपटापासून. त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईत एक बाई या कामाला उभी राहिली. तिचं नाव खोर्शेद मिनोचर-होमजी.

खोर्शेद पारशी घरातली. तिला लहानपणापासून गाण्याची ओढ होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे तिला शिकायला मिळालं. भातखंड्यांनी देशभर फिरून घराण्याघराण्यांत लपलेल्या चिजा गोळा केल्या आणि त्या लिहून छापल्या. अशा गुरूकडे तालीम झालेली ही मुलगी पुढे आपल्या बहिणींबरोबर मुंबईच्या रेडिओवर कार्यक्रम करू लागली. 'होमजी सिस्टर्स' म्हणून लोक त्यांना ओळखायचे. म्हणजे बघा, तिचीही सुरुवात रेडिओवरूनच झाली!

त्या वेळी हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडला 'बॉम्बे टॉकीज' ही कंपनी काढली होती. त्यांना संगीताचा विभाग सांभाळायला जाणकार माणूस हवा होता. राय यांनी हे काम खोर्शेदला दिलं. धाकटी बहीण माणेकही सिनेमात काम करायला तयार झाली. पहिला चित्रपट होता 'जवानी की हवा', साल १९३५.

आणि मग गहजब झाला. चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात जायचं म्हणजे काय, असं म्हणत पारशी समाजातले प्रतिष्ठित लोक विरोधात उभे राहिले. कंपनीवर दबाव आला. राय यांनी दोघींना कामावरून काढलं नाही, पण त्यांची नावं बदलली. खोर्शेद झाली सरस्वतीदेवी आणि माणेक झाली चंद्रप्रभा.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहितात. माहेरचं नाव त्या तांदळातच राहून जातं. खोर्शेदचं तसंच झालं. फरक एवढाच की तिने नाव बदललं ते कामावर टिकून राहण्यासाठी. समाजाला नाव दिलं आणि काम स्वतःकडे ठेवलं.

आता तिचं काम किती अवघड होतं ते सांगतो. आज गाणं आधी ध्वनिमुद्रित करतात आणि नट नंतर नुसते ओठ हलवतात. तेव्हा बहुतेक वेळा तसं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर जो नट उभा, त्यानेच गायचं. वाजवणारे कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे आडोशाला बसायचे. नट चालत चालत गायला लागला की त्यांनाही वाद्यं घेऊन हळूच त्याच्या बाजूने सरकावं लागायचं. कुणी एक सूर चुकला की सगळं पहिल्यापासून.

'जवानी की हवा'च्या वेळची एक हकिकत सांगतात. चंद्रप्रभाचा घसा बसला होता आणि गाणं तर त्याच दिवशी घ्यायचं होतं. तेव्हा मोठी बहीण कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून गायली आणि धाकटीने समोर ओठ हलवले. अडचण आली की मार्ग काढायचा, हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरी अडचण गळ्यांची होती. कंपनीचे मुख्य नट म्हणजे देविका राणी आणि अशोक कुमार. दोघेही काही गवई नव्हते. अशोक कुमार तर त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारा तरुण. सरस्वतीदेवींनी त्यांना शिकवलं आणि त्यांच्या गळ्याला झेपतील अशा साध्या चाली बांधल्या. एवढी मोठी तालीम झालेली बाई, पण आपली विद्या दाखवण्यासाठी तिने चाल अवघड केली नाही. समोरच्याला गाता आलं पाहिजे, हे तिने आधी पाहिलं. आपल्या भजनी मंडळात नव्या बाईला सामावून घेताना आपणही हेच करतो.

१९३६ साली 'अछूत कन्या' आला. रेल्वे फाटक सांभाळणाऱ्या दलित माणसाची मुलगी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा यांच्या प्रेमाची ही गोष्ट. जातीवर बोलणारा हा चित्रपट खूप चालला आणि त्याची गाणी घरोघरी गेली. त्याच साली 'जीवन नैया'ही आला होता. मग 'कंगन', 'बंधन', 'झूला' असे एकामागून एक चित्रपट आले. १९४० साली हिमांशु राय वारले. पुढे सरस्वतीदेवींनी ती कंपनी सोडली आणि सोहराब मोदींच्या 'मिनर्व्हा मूव्हिटोन'साठी 'पृथ्वीवल्लभ'सारख्या चित्रपटांना संगीत दिलं. चाळीसचं दशक संपत आलं तशी संगीताची तऱ्हा बदलली, नवे संगीतकार आले आणि त्यांचं नाव मागे पडलं. १९८० साली त्या गेल्या.

पण चाली गेल्या नाहीत. 'जीवन नैया'तलं अशोक कुमारांचं एक गाणं किशोर कुमारांनी १९६१ साली 'झुमरू'मध्ये पुन्हा गायलं. आणि 'पडोसन'मधली ती दोन गवयांची धमाल जुगलबंदी? तिचं मूळ १९४१ च्या 'झूला'मधल्या गाण्यात आहे. म्हणजे 'पडोसन' बघताना आपण इतकी वर्षं पोट धरून हसलो, पण सरस्वतीदेवींचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नाही.

आता आपल्या मराठीतलंही एक नाव सांगतो, आनंदघन. भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांना आनंदघन यांचं संगीत होतं. 'साधी माणसं'मधलं लोहाराच्या भट्टीपाशी म्हटलेलं ऐरणीचं गाणं तर आपल्याकडे लग्नाच्या बँडवरही वाजतं. या चित्रपटाला राज्य पुरस्कार मिळाले. सांगतात की समारंभात आनंदघन यांचं नाव पुकारलं, तेव्हा कुणीच उठेना. शेवटी निवेदकाने सांगून टाकलं की आनंदघन म्हणजे इथेच बसलेल्या लता मंगेशकर!

लताबाईंचं नाव तेव्हा देशभर गाजत होतं. तरी चाल लावताना त्यांनी दुसरं नाव घेतलं, तेही पुरुषाचं वाटावं असं. खोर्शेदला नाव लपवावं लागलं ते लोकांच्या रागामुळे. लताबाईंनी ते आपल्या मर्जीने लपवलं आणि एक दिवस ते सगळ्यांसमोर उघडही झालं. ओवीवाल्या आजींच्या सासूबाईंचं नाव मात्र कुणी लपवलं नव्हतं. ते कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मैत्रिणींनो, आमची एक विनंती आहे. गटाच्या बैठकीत आपण बचतीची वही उघडतो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लागा. कोणती ओवी, कोणता पाळणा, कोणतं भोंडल्याचं गाणं, आणि चाल कुणाची. "आत्याबाईंची" एवढ्यावर थांबू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि पूर्ण नाव लिहा.

आम्ही त्या आजींकडे पुन्हा गेलो होतो. त्यांनी भावकीत चार ठिकाणी विचारून नाव शोधून ठेवलं होतं. आता आपल्या रेडिओवर ती ओवी लागते, तेव्हा आधी त्या बाईंचं नाव येतं आणि मग ओवी.